भजनाच्या वहीतील स्वरचिन्हे संगणकावर कशी लिहावीत

कोकणपट्टीतील बहुतेक भजनी मंडळांजवळ एखादी जुनी, हाताने लिहिलेली वही असते. तिच्यात अभंगाच्या शब्दांवर पेटीवाल्याने स्वर लिहिलेले असतात, काही ठिकाणी पेन्सिलीने दिलेल्या रेघा आणि टिंबे असतात, आणि दरवर्षी मृगापासून हस्तापर्यंतच्या दमट हवेत त्या रेघा थोड्या थोड्या पुसट होत जातात. शब्द पुसट झाला तर टाळकऱ्याला तो पाठ असतो. रेघ पुसली गेली तर मात्र स्वरच बदलतो. भैरवीच्या रे, ग, ध, नि या चार स्वरांखालच्या रेघा नाहीशा झाल्या, तर कागदावर भैरवी उरत नाही, बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर उरतात. म्हणून आमच्या वेंगुर्ले तालुक्यातील मंडळाची वही संगणकावर उतरवण्याचे काम हाती घेतले, तेव्हा शब्द टंकण्यापेक्षा ही चिन्हे नीट बसवण्यातच अधिक वेळ गेला. त्या खटपटीतून हाती आलेली पद्धत येथे मांडत आहे.

सुरुवात करण्यापूर्वी वही कोणत्या लेखनपद्धतीत आहे हे ठरवून घ्यावे. आज बहुतेक ठिकाणी विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची पद्धत वापरतात. तिच्यात कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (चढ्या) मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातील स्वराखाली टिंब आणि तार म्हणजे वरच्या सप्तकातील स्वरावर टिंब असते. शुद्ध स्वराला आणि मध्य सप्तकाला कोणतेही चिन्ह नसते. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत मात्र वरचे टिंब मंद्र सप्तकासाठी असते आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ देतात. म्हणजे तेच टिंब एका वहीत खर्जाचे असते, तर दुसऱ्या वहीत टिपेचे. जुन्या बुवांच्या वहीत दोन्ही पद्धतींची सरमिसळ आढळली, तर आधी पेटीवर वाजवून खात्री करावी आणि मगच टंकायला बसावे. पुढील सर्व विवेचन भातखंडे पद्धतीला धरून आहे.

रेघ अक्षराची असावी, सजावटीची नसावी

कोमल स्वर लिहिण्यासाठी बहुतेक जण प्रथम जे करतात तेच मीही केले. ‘ग’ हे अक्षर निवडले आणि कंट्रोल व यू या कळा दाबून अधोरेखित केले. पडद्यावर ते छान दिसले. पुढे तोच मजकूर उचलून मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तेव्हा सगळ्या रेघा वाटेतच गळाल्या आणि तालमीला निम्मा कोरस शुद्ध गांधार लावून मोकळा झाला. अधोरेखन ही अक्षराला बाहेरून दिलेली सजावट असते. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे साध्या रूपात गेला की ती मागे राहते. त्यात आणखी एक दोष असा की, दोन स्वरांमधली मोकळी जागा चुकून निवडीत आली तर तिच्याखालीही रेघ उमटते आणि दोन वेगळे स्वर जोडल्यासारखे दिसतात.

यावरचा उपाय युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीच्या, देवनागरी विभागातच आहे. वेदपठणातील स्वर दाखवण्यासाठी त्या विभागात दोन चिन्हे दिलेली आहेत. अनुदात्ताचे चिन्ह म्हणजे अक्षराखालची आडवी रेघ आणि उदात्त या नावाने नोंदलेले चिन्ह म्हणजे अक्षरावरची उभी रेघ. (नाव उदात्त असले तरी ऋग्वेदाच्या छापील पोथीत ही उभी रेघ स्वरितासाठी वापरतात, आपल्याला तिच्या आकाराशी कर्तव्य आहे, नावाशी नाही.) कोमल स्वरासाठी पहिले चिन्ह आणि तीव्र मध्यमासाठी दुसरे, अशी ही जोडी भातखंडे पद्धतीसाठीच घडवली असावी इतकी चपखल बसते. भैरवीचा आरोह मग असा लिहिता येतो:

सा रे॒ ग॒ म प ध॒ नि॒ सां

यातील प्रत्येक रेघ हा त्या अक्षराचाच भाग आहे. मजकूर फोनवर पाठवला, ईमेलमध्ये चिकटवला किंवा दुसऱ्या संगणकावर उघडला तरी ती अक्षरासोबत जाते.

चिन्ह प्रत्यक्ष टंकणे

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये सर्वांत सोपा मार्ग कोड क्रमांकाचा आहे. आधी मराठीत ‘ग’ टंकावे, कळफलक इंग्रजी करावा, अक्षराला लागूनच ०९५२ हे चार अंक रोमन अंकांत टंकावेत आणि लगेच ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अंक नाहीसे होतात आणि अक्षराखाली रेघ येते. तीव्र मध्यमासाठी ‘म’ नंतर ०९५१ टंकून तीच कृती करावी. लिबरऑफिसच्या रायटरमध्येही ऑल्ट व एक्स याच कळा चालतात. हीच युक्ती उलट दिशेनेही उपयोगी पडते: दुसऱ्या कोणाकडून आलेल्या फाइलमधील एखादे चिन्ह कोणते हे कळत नसेल, तर त्याच्या लगेच पुढे कर्सर ठेवून त्याच कळा दाबल्या की त्याचा कोड दिसतो आणि पुन्हा दाबल्या की चिन्ह परत येते. मॅकवरील वर्डमध्ये ही सोय नाही; तेथे कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबून उघडणाऱ्या चिन्हांच्या खिडकीत शोध घ्यावा लागतो. गूगल डॉक्समध्ये इन्सर्ट मेनूतील स्पेशल कॅरॅक्टर्सच्या शोधचौकटीत कोड टाकला की चिन्ह समोर येते.

कोड पाठ करण्याचा कंटाळा असेल, तर वर्डमध्ये इन्सर्ट, सिम्बॉल आणि मोअर सिम्बॉल्स या वाटेने जावे. उघडणाऱ्या खिडकीत आधी फॉन्ट निवडावा, आणि तो आपण मजकुरासाठी वापरतो तोच असावा. मग सबसेटमध्ये देवनागरी निवडून चिन्ह शोधावे. या खिडकीचा खरा फायदा तिच्या तळाशी असलेल्या शॉर्टकट की या बटणात आहे. तेथे कोमलाच्या रेघेसाठी ऑल्ट व के, तीव्रासाठी ऑल्ट व टी, अशा आपल्या सोयीच्या कळा एकदा नेमून ठेवल्या की कळफलक बदलण्याची कटकट संपते. नेमण्यापूर्वी त्या कळा आधीच कोणत्या कामासाठी राखून ठेवल्या आहेत का, ते त्याच खिडकीत पाहून घ्यावे. ही नेमणूक त्या एका संगणकापुरतीच असते हेही लक्षात असू द्यावे.

रेघेऐवजी किंवा रेघेखाली टिंबांचे एक पोकळ वर्तुळ दिसू लागले, तर घाबरण्याचे कारण नाही. आधाराला अक्षर न सापडलेले चिन्ह असे वर्तुळ दाखवते. बहुधा अक्षर आणि चिन्ह यांच्यामध्ये चुकून स्पेस पडलेली असते, किंवा इंग्रजी कळफलकामुळे त्या दोघांना वेगवेगळे फॉन्ट लागलेले असतात. पहिल्या बाबतीत स्पेस काढावी, दुसऱ्या बाबतीत संपूर्ण ओळ निवडून तिला एकच देवनागरी फॉन्ट द्यावा. निर्मला यूआय आणि नोटो सान्स देवनागरी या दोन फॉन्टमध्ये मला ही चिन्हे व्यवस्थित मिळाली. छपाईच्या दुकानांतून अजूनही वापरात असलेल्या, युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत हा उपाय चालणार नाही, कारण तेथे मराठी अक्षरे मुळात रोमन अक्षरांच्या जागी चितारलेली असतात.

टिंबांचा प्रश्न आणि चिन्हांचा क्रम

तार सप्तकाचे टिंब सर्वांत सोपे आहे, कारण त्यासाठी अनुस्वारच पुरतो: सां, रें, गं, मं. स्वरांच्या ओळीत ‘सां’ असे दिसल्यावर त्याचा उच्चार अनुनासिक करायचा आहे असे कोणत्याही पेटीवाल्याला वाटत नाही.

मंद्र सप्तकाच्या टिंबासाठी नुक्ता, म्हणजे अक्षराखाली देण्याचे टिंब, वापरावा. त्याचा कोड ०९३सी आहे (यातील सी हे रोमन अक्षर टंकावे), आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळफलकावर तो चौकटी कंस बंद करण्याच्या कळीवर थेट मिळतो. येथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी लागते: नुक्ता व्यंजनाला लागतो, म्हणून काना, वेलांटी किंवा मात्रा देण्याच्या आधी तो द्यावा. ‘ऩि’ लिहिताना आधी न, मग नुक्ता, मग ऱ्हस्व वेलांटी. ‘स़ा’ लिहिताना आधी स, मग नुक्ता, मग काना. मंद्र ऋषभ मात्र आपल्या हाताला नवा नाही. दऱ्या, सुऱ्या, गोवऱ्या लिहिताना जो टिंबाचा ऱ आपण टंकतो, तोच येथे ‘ऱे’ म्हणून कामी येतो.

एकाच स्वराला दोन चिन्हे लागली की क्रमाला अधिक महत्त्व येते. तार सप्तकातील कोमल ऋषभ लिहिताना आधी र, मग मात्रा, मग अनुस्वार आणि सर्वांत शेवटी कोमलाची रेघ, असा क्रम ठेवावा. तेव्हाच ‘रें॒’ नीट बसतो. मंद्र कोमल निषादासाठी न, नुक्ता, वेलांटी आणि शेवटी रेघ: ऩि॒. रेघ आधी आणि अनुस्वार नंतर दिला तर बहुतेक फॉन्ट ते पोकळ वर्तुळ पुन्हा दाखवतात. हात बसला की नाही हे पाहण्यासाठी यमनाची ही ओळ टंकून पाहावी, कारण तिच्यात मंद्र, तीव्र आणि तार ही तिन्ही चिन्हे येतात:

ऩि रे ग म॑ ध नि सां

ही ओळ जमली की तोडी घ्यावी. तिच्यात रे॒, ग॒, ध॒ हे कोमल आणि म॑ हा तीव्र, असे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी येतात. भूप मात्र सरावासाठी निरुपयोगी आहे. त्याच्या पाच शुद्ध स्वरांना मध्य सप्तकात एकही चिन्ह लागत नाही.

सारी वही एकदम उतरवायची असेल तर

पन्नाससाठ अभंगांची वही टंकताना प्रत्येक कोमल स्वरापाशी थांबून कोड देणे माणसाला थकवते. त्यापेक्षा आधी तात्पुरती खूण देऊन भराभर टंकावे आणि शेवटी फाइंड अँड रिप्लेस या सोयीने सर्व खुणा एकदम बदलाव्यात, हे मला अधिक सोयीचे वाटते. मी कोमलासाठी बरोबरचे चिन्ह आणि तीव्रासाठी अधिकचे चिन्ह ठरवले: ग=, नि=, म+ असे. शोधाच्या चौकटीत ‘ग=’ लिहावे, बदलाच्या चौकटीत आधी नीट तयार केलेला ‘ग॒’ चिकटवावा आणि रिप्लेस ऑल करावे. चार कोमल आणि एक तीव्र, अशा पाच फेऱ्यांत मध्य सप्तकाचे काम संपते. मंद्र स्वरांसाठी ‘नि,’ असा स्वल्पविराम जोडून तशाच आणखी काही फेऱ्या कराव्यात. मात्र प्रत्येक वेळी केवळ खूण न बदलता स्वरासकट बदलावे, म्हणजे नुक्ता आपल्या जागी पडतो. येथे गाण्याच्या शब्दांत येणारे स्वल्पविरामही बदलले जाण्याची भीती असते, म्हणून आधी केवळ स्वरांच्या ओळी निवडून मगच ही फेरी करावी.

खुणा निवडतानाही थोडा विचार लागतो. मी तीव्रासाठी प्रथम वरच्या दिशेचे छोटे टोक असलेले ^ हे चिन्ह निवडले होते. ते वर्डच्या शोधात विशेष अर्थाने राखून ठेवलेले असल्यामुळे दर वेळी चूक दाखवली जाऊ लागली आणि ते सोडून द्यावे लागले. अंडरस्कोअरही टाळावा, कारण दोन अंडरस्कोअरच्या मधला मजकूर काही ठिकाणी आपोआप तिरपा होतो.

हेच काम ऑटोकरेक्टनेही होते. ‘ग=’ च्या जागी ‘ग॒’ अशी नोंद करून ठेवली की पुढे स्पेस देताच बदल होतो. फक्त ही नोंद ज्या भाषेखाली केली असेल त्याच भाषेच्या मजकुरात ती चालते, त्यामुळे ओळीची भाषा मराठी निवडलेली आहे ना, हे पाहावे. फोनवर जीबोर्ड हा गूगलचा कळफलक वापरणाऱ्यांनी त्याच्या वैयक्तिक शब्दकोशात अशाच नोंदी करून ठेवाव्यात. तेथे बदल आपोआप होत नसला तरी सूचनांच्या पट्टीत तो पर्याय दिसतो.

मात्रा एकाखाली एक येण्यासाठी

आता तालाकडे वळू. सम (तालाची पहिली, मुख्य मात्रा) दाखवण्यासाठी ×, खालीसाठी (टाळी न देण्याच्या जागेसाठी) ० आणि टाळ्यांसाठी २, ३, ४ हे अंक, एवढी सामग्री पुरते. × हे गुणिले चिन्ह ००डी७ या कोडने मिळते. त्याऐवजी इंग्रजी एक्स टंकला तरी वाचणाऱ्याला कळते, पण ते ओळीत खाली बसते आणि ठसठशीत दिसत नाही. स्वर लांबवण्यासाठी स्वरांच्या ओळीत लहान आडवी रेघ आणि शब्दांच्या ओळीत अवग्रह (ऽ) लिहितात; अवग्रहाचा कोड ०९३डी आहे. त्याच्या जागी रोमन एस टंकण्याची सवय अनेकांना आहे, ती सोडलेली बरी, कारण फॉन्ट बदलला की तो एस अगदी परका दिसू लागतो.

खरा प्रश्न चिन्हांचा नसून रांगांचा आहे. स्पेसबार दाबत दाबत मात्रा जुळवणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. ‘सा’ आणि ‘नि॒’ यांची रुंदी वेगवेगळी असते, त्यामुळे पडद्यावर जुळलेले कागदावर सरकते. त्याऐवजी तक्ता घालावा. केरव्याच्या आठ मात्रांसाठी आठ रकाने, त्रितालासाठी सोळा, झपतालासाठी दहा. सर्वांत वरच्या ओळीत तालचिन्हे, तिच्याखाली स्वर आणि त्याखाली गाण्याचे शब्द. केरव्याचे बोल लिहायचे तर पहिल्या चार रकान्यांत धा, गे, ना, ती आणि पुढच्या चारांत न, क, धी, न असे येतील. पहिल्या रकान्यावर × आणि पाचव्यावर ० येईल. रूपकात मात्र पहिल्याच मात्रेवर खाली असते, म्हणून तक्त्याचा साचा एकदा करून सर्व तालांना लावताना तेथे चूक होण्याचा संभव असतो.

तक्ता घातल्यावर ऑटोफिटमध्ये फिक्स्ड कॉलम विड्थ निवडावे. तसे न केल्यास एका मात्रेत चार स्वर आले की तो रकाना रुंद होतो आणि शेजारचे चिंबून जातात. मग सगळ्या रेघा काढून टाकून फक्त विभागांच्या उभ्या रेघा ठेवाव्यात. अशा पानावर नजर फिरवताना विभाग चटकन कळतात आणि पखवाजवाल्यालाही ते पान वापरता येते. ओळींमधील अंतर एक्झॅक्टली या पर्यायावर ठेवू नये. तेथे तीव्राची उभी रेघ आणि तार सप्तकाचे टिंब वरून कापले जाते. दीडपट अंतर सुरक्षित असते.

एका मात्रेतले अनेक स्वर खालच्या कमानीने जोडण्यासाठी स्वरांच्या ओळीखाली एक अरुंद ओळ घालून त्या रकान्यात ‿ हे चिन्ह मध्यभागी ठेवावे. त्याचा कोड २०३एफ आहे. कमान अक्षरांच्या रुंदीइतकी आपोआप ताणली जात नाही, म्हणून तिचा आकार हाताने कमीजास्त करावा लागतो. कणस्वरासाठी, म्हणजे मुख्य स्वराला ओझरता लागणाऱ्या स्वरासाठी, सुपरस्क्रिप्ट पुरे. खटक्यासाठी स्वर कंसात लिहितात, त्याला वेगळे चिन्ह लागतच नाही. मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, लांब कमान मात्र संगणकावर समाधानकारक उमटवण्याचा मार्ग मला पसंत पडलेला नाही. इन्सर्टमधील शेप्सने ती काढता येते, पण वरच्या ओळीत एक शब्द वाढला की कमान जागच्या जागी लोंबत राहते आणि स्वर पुढे निघून जातात. सारा मजकूर अंतिम झाल्यावरच ती काढावी. आमच्या वहीत तर छपाईनंतर निळ्या पेनाने काढलेल्या मींडा मी तशाच ठेवल्या आहेत.

पाश्चात्त्य चिन्हे

अभंगाच्या शिरोभागी पट्टी लिहिताना ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असे लिहिण्याचा आपला रिवाज आहे, आणि पेटीवाल्याला तेवढे पुरते. अलीकडे गणेशोत्सवात भजनाच्या साथीला कीबोर्ड वाजवणारी मुले असतात. त्यांच्यासाठी काळी एकसोबत सी♯ असेही लिहिलेले सोयीचे जाते. येथे शार्पच्या जागी फोनवरचे हॅश चिन्ह वापरण्याची चूक सर्रास होते. शार्पमध्ये उभ्या रेघा सरळ आणि आडव्या तिरप्या असतात, हॅशमध्ये याच्या उलट. शार्पचा कोड २६६एफ, फ्लॅटचा २६६डी, नॅचरलचा २६६ई, आणि शोभेसाठी वापरल्या जाणाऱ्या ♪ या स्वरचिन्हाचा २६६ए. शेवटचे अक्षर सर्वत्र रोमन टंकावे. देवनागरी फॉन्टमध्ये ही चिन्हे नसतात. वर्ड त्यांच्यासाठी आपोआप दुसरा फॉन्ट लावतो, तसे झाले नाही तर सेगो यूआय सिम्बॉल निवडावा. जी क्लेफसारखी चिन्हे युनिकोडच्या वेगळ्या विभागात आहेत (कोड १डी११ई) आणि त्यांच्यासाठी नोटो म्युझिकसारखा फॉन्ट लागतो. पाच रेघांवरची संपूर्ण चीज लिहायची असेल, तर वर्डशी झुंज घेण्यापेक्षा म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रणालीत ती लिहून चित्ररूपाने मजकुरात आणावी.

छापण्यापूर्वी

तयार फाइल पेन ड्राइव्हवर घालून तालुक्याच्या गावी छापायला नेली, आणि तेथील संगणकावर माझा फॉन्ट नसल्यामुळे कोमलाच्या प्रत्येक रेघेच्या जागी एक चौकोन छापून आला. दोष दुकानदाराचा नव्हता. वर्डची फाइल फॉन्ट आपल्यासोबत नेतेच असे नाही. वर्डच्या ऑप्शन्समधील सेव्ह या भागात एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल असा पर्याय आहे, तो निवडावा, किंवा सरळ पीडीएफ करून न्यावी. मंडळाच्या गटावर तक्ता पाठवायचा असेल तरी पीडीएफच पाठवावी, कारण साध्या मजकुराच्या रूपात चिन्हे टिकली तरी रांगा टिकत नाहीत. एखाद्या रागाचा आरोह-अवरोह किंवा एका ओळीचे स्वर तेवढे मजकूर म्हणून पाठवावेत. पीडीएफ तयार झाल्यावर ती फोनवर उघडून भैरवीचे पान मोठे करून पाहावे आणि चारही कोमल स्वरांखाली रेघ आहे की नाही, हे बोट ठेवून तपासावे.